मल्लव्वाच्या दातांचं पॉलिश

मी कवळ्या करतो. सोलापुरात विजापूर वेशीतल्या एका बोळात माझी एका खोलीची लॅब आहे. दारावर पाटी नाही, कारण पेशंटनं माझ्याकडे यायचंच नसतं. डॉक्टर तोंडाचं माप घेतो, ते माप माझ्याकडे येतं, मी दात लावून कवळी परत पाठवतो. मग पेशंट आरशात बघून डॉक्टरला म्हणतो, काय झकास दात केलेत साहेब. साहेब नुसती मान डोलावतो. पूर्वी मला याचा राग यायचा. आता वय झालं, रागही बसून खायला लागला आहे.

पण रेश्माचा विषय निघाला की तो उठतो. म्हणून हे लिहितोय.

रेश्मा बिराजदार सात रस्त्याजवळ डॉ. इंद्रजीत यांच्या दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. राहायला कुंभारीला, विडी कामगारांच्या वसाहतीत, आईबरोबर. आई मल्लव्वा, जन्मभर विड्या वळलेली. मांडीवर सूप आणि बोटांना तंबाखूचा वास, एवढीच तिची ओळख सांगितली तरी पुरे. रेश्माचं लग्न अक्कलकोटकडे झालं होतं. नवऱ्यानं तिला सणाला म्हणून माहेरी आणून सोडलं आणि न्यायला काही तो आला नाही. तेव्हापासून वसाहतीत तिला एकच नाव. मल्लव्वाची परत आलेली. नळावर, दुकानात, बसथांब्यावर, कुठंही. नाव कशाला, पत्ताच तो.

दवाखान्यात ती आधी फरशी पुसायला लागली, मग हत्यारं उकळायला, मग खुर्चीशेजारी उभी राहायला. डॉक्टरनं हात मागं करायचा अवकाश, हवी ती वस्तू त्याच्या तळव्यावर येते. इंजेक्शनच्या आधी ती पेशंटच्या खांद्यावर हात ठेवते. रडणारी पोरंसुद्धा त्या हातानं गप्प होतात, हे मी पाहिलं आहे. तयार कवळ्या द्यायला मी तिथं जात असतो, तेव्हा ती मला हुसेनचाचा म्हणून चहा देते.

एकदा चहा देता देता म्हणाली, "चाचा, सगळी हत्यारं माज्या हातातनं जात्यात. पन कुनाच्या तोंडात माज्या हातानं एक न्हाय जात. थुंकी वढायची नळी तेवढी."

मी म्हटलं, "नळी तर नळी. पगार मिळतो की."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बशीत ओतलेला चहा फुंकत बसलो.

पुढं तिनंच कुठून तरी शोधून काढलं. पुण्याची कुठलीशी खासगी संस्था होती, दवाखान्यातल्या असिस्टंट लोकांसाठी दात पॉलिश करायचा कोर्स घ्यायची. धडे मोबाइलवर, परीक्षा सोलापुरातच. डॉक्टरला विचारायला गेली तेव्हा मी तिथंच उभा होतो, एका बाईंची कवळी हातात घेऊन. म्हणून हे ऐकीव नाही. डॉक्टर खुशीत होता. म्हणाला, "अवश्य कर. सर्टिफिकेट आण, आतली दुसरी खुर्ची पडूनच आहे. पॉलिशचे पेशंट तुझे."

त्या खुर्चीवर तोवर चादर टाकलेली असायची आणि चादरीवर जुन्या फायली. दुसऱ्या दिवसापासून रेश्मा ती खुर्ची रोज पुसायला लागली. दवाखान्यात माणसं हसायची. ती पुसत राहायची.

सराव करायला ती माझ्या लॅबमध्ये यायची. माझ्याकडे प्लास्टरच्या दातांचा ढीग पडलेला असतो. पॉलिशचं काम वरून सोपं दिसतं. बारीक मशीनच्या टोकाला रबराची वाटी, वाटीत पेस्ट, आणि ती दातावर फिरवायची. पण हात जड पडला तर दात तापतो, हिरडी सोलते. प्लास्टरवर जड हात लगेच कळतो, चर पडते. सुरुवातीला तिनं इतक्या चरा पाडल्या की मी ओरडलो, "शेत नांगरतेस काय?" तिनं दुसरा दात घेतला. हळूहळू चर दिसेनाशी झाली. मी कौतुक करणाऱ्यातला नाही. ओरडायचा थांबलो, त्यातून तिनं काय ते समजून घेतलं.

आता मिश्रीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि बोटानं दातांना लावत उंबऱ्यावर बसायचं. आमच्या भागातल्या बायकांचा दिवस त्याशिवाय उगवत नाही. दात काळेकुट्ट होतात. पण त्यांच्या मते काळा दात म्हणजे पक्का दात. मल्लव्वा म्हणायची, "मिश्रीनं दात दगडावानी ऱ्हात्यात. पांढरं दात दाखवायचं, काळं दात खायचं."

परीक्षेला ज्याचा त्यानं पेशंट आणायचा होता. दातांवर डाग असलेला. रेश्माला लांब जायची गरजच नव्हती, सगळ्या सोलापूर जिल्ह्यातले पक्के डाग तिच्या घरात भाकरी खात होते. मल्लव्वा आधी नाही म्हणाली. म्हातारपणी तोंड वासून परक्या माणसांपुढं पडायचं, हे तिला पटेना. रेश्मानं समजूत घातली, रुसली, दोन दिवस जेवली नाही. शेवटी चेष्टेत म्हणाली, "अव्वा, तुज्याइतकं पक्कं डाग कुनाचंच न्हाईत. जेवढा डाग पक्का तेवढं मार्क जास्त."

मल्लव्वानं होकाराची मान डोलावली आणि विषय संपला, असं रेश्माला वाटलं.

विषय संपला नव्हता. मल्लव्वानं ते वाक्य जसंच्या तसं धरलं. पोरीला मार्क जास्त मिळावेत म्हणून ती सकाळची मिश्री दुपारीही लावायला लागली, दुपारची रात्रीही. रेश्मा कामावर गेली की डबी उघडायची. हिरड्या जळायला लागल्या, तिखट खाववेना, तरी थांबली नाही. शेजारच्या सोनाबाईनं विचारलं, एवढी का लावतीस गं? तर म्हणाली, "पोरीची परीक्षा हाय." अशी परीक्षेची तयारी अख्ख्या महाराष्ट्रात कुणाच्या आईनं केली नसेल. मला हे रेश्मानं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. आता ते हसणं आठवलं की तोंड कडू होतं.

पॉलिशनं फक्त डाग निघतो. दाताच्या मुळाशी साठलेलं कीटण डॉक्टरनं आधी काढावं लागतं. म्हणून परीक्षेच्या आधी रेश्मानं आईला दवाखान्यात आणलं. डॉक्टरची जेवायची वेळ होती, डबा उघडून ठेवलेला होता. त्यानं आत बघितलं, बोटानं एक-दोन दात चाचपले. म्हणाला, "थोडे हलतायत." रेश्मानं विचारलं, "मग सर?" तो म्हणाला, "चालतंय की." आणि थराच्या थर कीटण काढून मोकळा झाला. मल्लव्वानं रक्त थुंकलं, पदरानं तोंड पुसलं आणि डॉक्टरला हात जोडले.

परीक्षा स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. पुण्याहून आलेल्या मॅडमनी मल्लव्वाचं तोंड बघून बाकीच्या मुलींना बोलावून दाखवलं, मिश्री म्हणजे काय ते बघा म्हणून. मल्लव्वा तोंड उघडं ठेवून छताकडे बघत राहिली. मग रेश्मानं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि काम सुरू केलं. नंतर मला सांगताना म्हणाली, "चाचा, एक एक दात काळ्यातनं वर येत व्हता. मला वाटलं, ही बाई मी कदी बघितलीच न्हाय." मॅडमनी आरसा दिला. मल्लव्वानं आरशात बघितलं, लाजली, आणि पोरीला विचारलं, "पास झालीस न्हवं?"

झाली. पहिल्या नंबरानं झाली.

दवाखान्यात पेढे वाटले गेले. डॉक्टरनं सर्टिफिकेटला चौकट करून आणली आणि पाण्याच्या फिल्टरच्या वर लावली. रेश्मानं मोबाइलवर आईच्या दातांचे फोटो काढून ठेवले होते, एक अगोदरचा, एक परीक्षेनंतरचा. ते डॉक्टरनं मागून घेतले, मोठे करून बाहेरच्या खोलीत समोरच्या भिंतीवर लावले. फक्त ओठ आणि दात. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर', आणि दोन्हींच्या खाली डॉक्टरचं नाव, पदवीसकट. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात म्हणतात. इथं दाखवायचे दात मल्लव्वाचे होते.

आणि दुसरी खुर्ची? दुसऱ्या खुर्चीवर माढ्याहून डॉक्टरचा पुतण्या आला. अभिमन्यू. दातांच्या डॉक्टरकीत नुकताच पास होऊन आलेला, पोरगा वाईट नाही, मोबाइलमधून डोकं वर काढतो तेव्हा बोलतोसुद्धा गोड. रेश्मा त्या सकाळी डॉक्टर लोक घालतात तसली नवीन टोपी घालून आली होती. खुर्ची पुसून झाली आणि तिथं अभिमन्यू येऊन बसला.

दुपारी तिनं डॉक्टरला विचारलं. नीट, आवाज न चढवता. "सर, पॉलिशचे पेशंट माझे म्हणाला होतात."

डॉक्टर म्हणाला, "अगं, कायद्यात बसत नाही ते. पेशंटच्या तोंडात मशीन घालायचं तर डॉक्टर पाहिजे, नाहीतर नोंदणी असलेला हायजिनिस्ट. ह्या खासगी सर्टिफिकेटवर नाही जमत. पण शिकलेलं वाया जात नसतं."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं सर?"

"माहीत असायला काय, कायदा जुनाच आहे."

कायदा चूक आहे असं मी म्हणणार नाही. उद्या कुणीही उठून कुणाच्याही तोंडात मशीन घालेल, त्याला आळा पाहिजेच. पण ज्याला कायदा माहीत होता त्यानं वर्षभर तिला ती खुर्ची पुसू दिली. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याला तेव्हा सुचलं नाही, कारण सर्टिफिकेट भिंतीवर शोभतं आणि पुतण्या अजून पास व्हायचा होता. आणि गंमत बघा, अभिमन्यूला पॉलिशचा कंटाळा आला, की आत पडदा ओढून रेश्माच पॉलिश करते. तोंडावर मास्क असतो, पेशंटला काय कळतंय. कायदा पडद्याच्या बाहेर बसतो. बाहेर आल्यावर पेशंट अभिमन्यूला थँक्यू म्हणतो.

इथवर झालं असतं तर मीही म्हटलं असतं, चालायचंच. माझ्या कवळ्यांचं तरी दुसरं काय होतं?

पण तिकडं कुंभारीत मल्लव्वाचे पांढरे दात गाजायला लागले होते. विड्या द्यायला गेली की बायका म्हणायच्या, "म्हातारपनी कुनाला दाखवायचं हाय गं?" ती पदर तोंडावर धरायची, पण आतून हसायची, असं सोनाबाई सांगते. मिश्रीसुद्धा सोडली होती. पोरीनं केलेलं काम परत काळं कसं करायचं, म्हणून. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, तरी डबी उघडली नाही.

मग एका दुपारी कडक भाकरीचा तुकडा मोडताना समोरचा दात भाकरीत राहिला.

रक्तसुद्धा फार आलं नाही. नुसता निघून आला. त्या महिन्यात शेजारचा गेला, मग त्याच्या शेजारचा. वरचे राहिलेले इतके हलायला लागले की जेवताना तिला बोटानं धरावे लागायचे. रेश्मानं तिला दवाखान्यात आणलं. या वेळी डॉक्टरनं एक्स-रे काढला. म्हणाला, "जायचेच होते गं. हाड राहिलंच नव्हतं. कीटणानं धरून ठेवले होते इतके दिवस."

रेश्मा म्हणाली, "मग तेव्हा सांगायचं होतं सर. परीक्षेला मी दुसरं कुणीतरी आणलं असतं."

"तुझी परीक्षा तोंडावर होती ना," डॉक्टर म्हणाला. आणि रेश्माची आई म्हणून वरचे सगळे दात फुकट काढून दिले.

डॉक्टरचं बोलणं खोटं नव्हतं, हे मलाही माहीत आहे. ते दात आज ना उद्या जाणारच होते. पण ते कुंभारीत जाऊन कोण सांगणार? तिथं सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मिश्री होती तोवर दात दगडासारखे होते, पोरीनं मिश्री काढली आणि दात पडले. आता कुठलीच बाई दवाखान्याचं नाव काढत नाही. उलट डब्या जोरात उघडल्या. आणि रेश्माचं नाव बदललं. परत आलेली म्हणायचं सोडून लोक आता म्हणतात, आईचे दात पाडलेली. एवढं शिकून तिला हे मिळालं. मल्लव्वा तिला एक शब्द बोलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार तरी कुणाला? ते न बोलणंच रेश्माला खातं.

मल्लव्वाच्या कवळीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दातांचा रंग ठरवायला डॉक्टरनं मला दवाखान्यात बोलावलं. आमच्याकडे त्यासाठी नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. मी गेलो तेव्हा बाहेरची खोली भरलेली. मल्लव्वा भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडावर. तिच्या बरोबर डोक्यावर तिचेच दात, आधीचे आणि नंतरचे.

बार्शीकडची एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आली होती. फोटोकडे बघून तिनं काउंटरवर विचारलं, "हे इथंच केलंय का हो?"

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हो, सरांनी केलंय."

बाई म्हणाली, "हात चांगला आहे." रेश्मा आतून ट्रे घेऊन येत होती. ती थांबली नाही, ट्रे ठेवला आणि आईशेजारी येऊन उभी राहिली.

मी पट्टी काढली. मल्लव्वानं एक एक दात निरखला आणि प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवली. रेश्मा हलक्या आवाजात म्हणाली, "चाचा, त्या फोटोसारखे करा. नंतरच्या." तिला काय हवं होतं ते मला कळलं. तिच्या हातचे दात थोडेच दिवस जगले होते. निदान माझ्या हातून तरी ते आईच्या तोंडात परत यावेत, एवढंच.

मल्लव्वानं पदर बाजूला केला. वरच्या हिरडीवर एकही दात नव्हता, शब्द फुसफुसत बाहेर आला. बोट वर करून तिनं पहिल्या फोटोकडे दाखवलं.

"नंतरचं नगं," ती म्हणाली. "आदीचं कर."

बार्शीच्या बाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत तिच्या तोंडाकडे. आणि पोरीला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

काळे दात कुठली कंपनी करत नाही. मी पट्टीतला सगळ्यात गडद दात निवडला आणि कवळी करून दिली. चांगली बसली. मल्लव्वानं ती तोंडात घातली आणि घरी जाऊन आधी डबी उघडली. उंबऱ्यावर बसून कवळीला मिश्री लावायला लागली. आता वसाहतीत तिला कुणी हसत नाही. दोन-तीन महिन्यांत माझे दात तिच्या जुन्या दातांसारखे झाले. मला करता आलं नाही ते तिनं स्वतः करून घेतलं.

रेश्मा मधून मधून रविवारी माझ्याकडे येते. रुमालात गुंडाळलेली कवळी काढते, कवळ्या घासायच्या माझ्या मोटरपुढं बसते आणि पॉलिश करते. तोंडाबाहेरच्या दातांना कायदा आड येत नाही. हात इतका हलका पडतो की मोटरचा आवाजसुद्धा बदलत नाही. काळ्यातून एक एक दात वर येतो. मी शेजारी माझं काम करत असतो, बघतो आणि बघितलं नाही असं दाखवतो.

मागच्या खेपेला राहवलं नाही. म्हटलं, "कशाला मरतेस? ती घरी जाऊन परत मिश्री लावणारच की."

तिनं मोटर थांबवली नाही. म्हणाली, "लावू दे चाचा. माज्या नावावर दुसरं तोंड कोन देतंय?"